मांजराच्या पोटात क्रीम गेले तर?



तुमच्यापैकी अनेकांच्या घरी मांजर असेल. घरी नसले तरी गल्लीत, जिन्यात किंवा किराणा दुकानातील पोत्यांवर झोपलेले एखादे मांजर तुम्ही रोज पाहत असाल. मांजर हा फार स्वच्छ प्राणी आहे. खाणे झाले की ते एका जागी बसते आणि आपले अंग चाटू लागते. पंजा ओला करून त्याने तोंड पुसते. मग पाठ, पोट आणि शेपटी चाटते. दिवसातला बराच वेळ त्याचा याच कामात जातो. त्याला कोणी साबण लावत नाही. ते स्वतःच स्वतःला स्वच्छ ठेवते.

पण ही चांगली सवयच कधी कधी त्याच्या जिवावर बेतते. ते कसे, आणि अशा वेळी आपण काय करावे, हे या पाठात समजून घेऊ.

मांजराची जीभ

आपल्या घरात आरशासमोर कितीतरी वस्तू असतात. क्रीम, पावडर, लिपस्टिक, नेलपॉलिश, ते पुसण्याचे द्रव, शाम्पू, अत्तर, काजळ, सुरमा, केसांचा रंग. या सर्वांना सौंदर्यप्रसाधने म्हणतात. आपण म्हणतो, "मांजर कशाला क्रीम खाईल?" खरे आहे. मांजर सहसा डबा उघडून क्रीम खात नाही. पण सांडलेल्या क्रीमवरून ते चालत जाते. क्रीम पंजाला लागते. मग ते पंजा चाटते. अंगाला जे लागले ते थोड्याच वेळात पोटात जाते.

मांजराची जीभ हातावर लागली तर खरखरीत वाटते. तिच्यावर बारीक काटे असतात. ते सर्व काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात. त्यामुळे जिभेला चिकटलेली वस्तू थुंकून टाकणे मांजराला कठीण जाते. केस असो, दोरा असो की क्रीम असो, ते मागे मागे सरकत जाते आणि गिळले जाते.

म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. मांजराने एखादी वस्तू "खाल्ली" नसली, ती फक्त अंगाला लागली असली, तरी ती पोटात जाणार असे समजावे.

लहान शरीर, वेगळे यकृत

आता थोडे गणित करू. एका माणसाचे वजन ४८ किलो आहे. एका मांजराचे वजन ४ किलो आहे. माणूस मांजरापेक्षा १२ पट जड आहे. म्हणजे जी वस्तू माणसाला एक चमचा, ती मांजराला १२ चमच्यांसारखी. आपल्याला जे थेंबभर वाटते, ते मांजरासाठी थोडे नसते.

दुसरी गोष्ट यकृताची. पोटात गेलेल्या विषारी पदार्थांचे तुकडे करून त्यांना बाहेर घालवण्याचे काम यकृत करते. माणसाचे यकृत जी द्रव्ये सहज निकामी करते, त्यांतील काही मांजराच्या यकृताला निकामी करता येत नाहीत. ती शरीरात साठून राहतात आणि अपाय करतात. म्हणून "आम्ही रोज लावतो, आम्हांला काही होत नाही" हा हिशेब मांजराला लागू पडत नाही.

सगळी प्रसाधने सारखी नसतात

प्रत्येक वेळी घाबरण्याचे कारण नाही. पण प्रत्येक वेळी निर्धास्त राहणेही बरे नाही. म्हणून आपण या वस्तूंचे तीन गट करू.

पहिला गट सौम्य वस्तूंचा. लिपस्टिक, साधे कोल्ड क्रीम, पेट्रोलियम जेली यांत मुख्यतः मेण आणि तेल असते. यांतले थोडेसे पोटात गेले तर मांजराला एखादी उलटी होईल किंवा जुलाब होतील. मात्र लिपस्टिकचे टोपण किंवा कापसाचा बोळा गिळला तर तो आतड्यात अडकू शकतो. तेव्हा प्रश्न क्रीमचा राहत नाही, अडथळ्याचा होतो.

दुसरा गट तोंड आणि पोट भाजणाऱ्या वस्तूंचा. केस काढण्याचे क्रीम आणि केसांना लावण्याचे काही कंडिशनर यांनी जीभ, हिरड्या आणि अन्ननलिका यांना जखमा होऊ शकतात. साध्या शाम्पूने लाळ गळते आणि उलट्या होतात.

तिसरा गट विषारी वस्तूंचा. हा गट नीट वाचा. नेलपॉलिश पुसण्याच्या द्रवात बहुधा एसीटोन असते. सेंटमध्ये अल्कोहोल असते. या दोहोंमुळे मांजर झिंगल्यासारखे चालू लागते आणि बेशुद्धही पडू शकते. टी-ट्री तेल, विंटरग्रीन तेल, निलगिरी तेल अशी सुगंधी तेले मांजराला घातक आहेत. काही सनस्क्रीन क्रीममध्ये सॅलिसिलेट वर्गातील द्रव्ये असतात. तीही मांजराला सोसत नाहीत. काही सुरम्यांत शिसे आढळले आहे. शिसे तर माणसालाही विषारी आहे.

केस उगवण्यासाठी डोक्याला लावतात त्या मिनॉक्सिडिल नावाच्या औषधाबद्दल विशेष सांगायला हवे. त्याचे काही थेंबही मांजराच्या हृदयावर आणि फुप्फुसांवर परिणाम करू शकतात. औषध लावलेले डोके ज्या उशीवर टेकले, ती उशी चाटल्यानेही मांजराला अपाय होऊ शकतो.

आणि शेवटी केसांचा काळा रंग. "काळी मेंदी" या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पावडरींत पॅराफेनिलीनडायमाइन हे रसायन असते. ते पोटात गेले तर माणसाचाही चेहरा आणि गळा सुजतो, श्वास कोंडतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

एक प्रसंग

समजा, उद्या ईद आहे. घरात गडबड आहे. आपा हातांवर मेंदी काढून बसली आहे. अम्मी स्वयंपाकघरात आहे. अब्बांनी केसांना काळी मेंदी लावली आहे. वाटीत थोडासा रंग उरला आहे. ती वाटी आणि ब्रश मोरीजवळ तसाच पडला आहे.

तुमच्या घरी मनी नावाची पांढरीशुभ्र मांजर आहे. तुमच्या धाकट्या भावाच्या मनात येते की सगळे नटतात, मग मनीने का नटू नये? तो ब्रश उचलतो आणि तिच्या शेपटीला काळा पट्टा काढतो. मनी पळते. कपाटाखाली जाऊन बसते आणि शेपटी चाटू लागते.

थोड्या वेळाने अम्मीचे लक्ष जाते. मनीच्या तोंडातून लाळ गळत आहे. ती पंजाने तोंड खाजवत आहे. अम्मी विचारते, "हिला काय झाले?" भाऊ मान खाली घालतो आणि म्हणतो, "मला माहीत नाही. भिंतीला घासली असेल."

आता घरात एकच गोंधळ उडतो. शेजारच्या खाला म्हणतात, "दूध पाजा." कोणी म्हणतो, "मिठाचे पाणी द्या, उलटी होईल." कोणी म्हणतो, "रॉकेलने रंग निघेल." सगळ्यांचा हेतू चांगला आहे. पण यांतला एकही उपाय बरोबर नाही.

अशा वेळी तुम्ही काय कराल?

काय करावे?

१. आधी वस्तू दूर करा. वाटी, ब्रश, बाटली, जे काही असेल ते मांजरापासून उचला. जवळपास दुसरे मांजर किंवा लहान मूल असेल तर त्यालाही दूर न्या.

२. मांजराला आणखी चाटू देऊ नका. जुन्या टॉवेलमध्ये त्याला हलक्या हाताने गुंडाळा. फक्त डोके बाहेर राहू द्या. घाबरलेले मांजर ओरखडते आणि चावते. म्हणून हे काम मोठ्या माणसाने करावे. तुम्ही मदत करा.

३. पाकीट किंवा बाटली शोधा. कचऱ्यात टाकली असेल तर ती बाहेर काढा. भारतात सौंदर्यप्रसाधनांवर घटकांची यादी छापावी लागते. २०२० च्या प्रसाधने नियमांतही तसे सांगितले आहे. ही यादी बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असते. मोबाइल असेल तर तिचा स्वच्छ फोटो काढा. तुमचे इंग्रजीचे ज्ञान इथे कामाला येईल.

४. चार गोष्टी कागदावर लिहा. काय गेले? किती गेले? किती वाजता गेले? मांजराचे वजन किती? वजन माहीत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. मोठ्या माणसाने मांजराला घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे. मग एकट्याने उभे राहावे. दोन्ही आकड्यांची वजाबाकी म्हणजे मांजराचे वजन.

५. ताबडतोब पशुवैद्यांना, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांना, फोन करा. "थोडा वेळ वाट पाहू" असे म्हणू नका. मांजर ठीक दिसत असले तरी फोन करा.

६. अंगावर लागलेली वस्तू काढायची की नाही, आणि कशी, हे डॉक्टरांना विचारा. बहुतेक वेळा कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो. हातात मोजे घालावेत. धुतल्यावर मांजराला लगेच कोरडे करावे, कारण ओले मांजर लवकर गारठते.

आता त्या प्रसंगाकडे परत येऊ. तुम्ही वाटी उचलली. अब्बांनी मनीला टॉवेलात गुंडाळले. पण काय गेले आणि किती गेले, हे कोण सांगणार? मनी मुकी आहे. ज्याला माहीत आहे तो भाऊ घाबरून गप्प आहे. तुम्ही त्याला बाजूला घेता आणि म्हणता, "तुला कोणी रागावणार नाही. पण खरे काय झाले ते सांग. डॉक्टरांना कळले नाही, तर ते मनीला औषध कसे देणार?" भावाच्या डोळ्यांत पाणी येते. तो वाटीकडे बोट दाखवतो.

मित्रांनो, त्या बोट दाखवण्याचे मोल फार मोठे आहे. इथूनच मनीचा इलाज सुरू झाला.

डॉक्टरांशी बोलताना

तुम्ही : आदाब, डॉक्टरसाहेब. आमच्या मांजराने केसांचा रंग चाटला आहे.

डॉक्टर : कोणता रंग? पाकीट जवळ आहे का?

तुम्ही : हो. काळी मेंदी आहे. घटकांत पॅराफेनिलीनडायमाइन असे लिहिले आहे.

डॉक्टर : शाब्बास, बेटा. हेच मला हवे होते. किती वाजता चाटला?

तुम्ही : साडेनऊच्या सुमारास. आता नऊ पन्नास झाले आहेत.

डॉक्टर : किती गेला असेल?

तुम्ही : शेपटीला बोटभर लांब पट्टा होता. त्यातला अर्धा नाहीसा झाला आहे.

डॉक्टर : मांजराचे वजन आणि वय?

तुम्ही : वजन साडेतीन किलो. वय दोन वर्षे.

डॉक्टर : उलटी झाली का? श्वास कसा आहे? तोंड सुजले आहे का?

तुम्ही : उलटी नाही. श्वास बरा आहे. सूज दिसत नाही. पण लाळ फार गळते आहे.

डॉक्टर : ठीक. तोंडात काहीही घालू नका. उलटी करवू नका. मोठ्या माणसाला हातमोजे घालायला सांगा आणि शेपटीवरचा रंग ओल्या कापडाने पुसून घ्या. मग टॉवेलात गुंडाळून लगेच इकडे आणा. पाकीट बरोबर आणायला विसरू नका.

पाहिलेत? सगळे बोलणे दोन मिनिटांत संपले. तुम्ही रडत बसला नाहीत आणि गोष्ट लांबवली नाहीत. विचारले तेवढे नेमके सांगितले. त्यामुळे मनी दवाखान्यात पोहोचण्याआधीच डॉक्टर तयारी करून ठेवू शकतील.

काय करू नये?

उलटी करवू नका. मिठाचे पाणी पाजल्याने मांजराच्या रक्तात मीठ वाढते आणि त्यानेच जीव जाऊ शकतो. घशात बोट घालणेही धोक्याचे आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडने मांजराच्या जठराला रक्तस्राव होण्याइतकी इजा होते. शिवाय भाजणारी वस्तू उलटून वर आली तर अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. तेलकट किंवा पातळ द्रव वर येताना फुप्फुसात शिरू शकतो.

दूध पाजू नका. दूध हा विषावरचा उतारा आहे, असा समज सर्वत्र आहे. पण दुधाने बहुतेक विषांचा परिणाम जात नाही. पुष्कळ मोठ्या मांजरांना तर दूध पचतही नाही. डॉक्टरांनी स्वतः सांगितले तरच काही पाजावे.

माणसाची औषधे देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

रॉकेल, थिनर किंवा स्पिरिट लावून डाग काढू नका. हे पदार्थ कातडी भाजतात, आणि मांजर तेही चाटते.

तोंडातून किंवा मागून दोरा लोंबत असेल तर तो ओढू नका. आत तो आतड्याभोवती आवळला जातो. तसेच डॉक्टरांकडे न्या.

दवाखान्यात काय होते?

डॉक्टर आधी मांजराचा श्वास, हृदयाचे ठोके आणि अंगाचे तापमान तपासतात. निरोगी मांजराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्यापेक्षा थोडे जास्त. उलटी करवणे योग्य असेल तर ते इंजेक्शन देऊन करवतात. काही विषांवर औषधी कोळसा देतात. हा कोळसा विष आपल्याकडे ओढून घेतो आणि ते रक्तात जाऊ देत नाही. पण हा चुलीतला कोळसा नव्हे, आणि तो प्रत्येक विषावर चालतही नाही. कोणत्या वेळी काय द्यायचे हे वस्तूच्या नावावर ठरते. म्हणून तर पाकीट एवढे महत्त्वाचे. गरज पडली तर सलाईन आणि ऑक्सिजन देतात, यकृत आणि मूत्रपिंडे यांसाठी रक्त तपासतात.

असे डॉक्टर कुठे मिळतील? महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. मुंबईत परळ येथे १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथेच बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे जुने रुग्णालय आहे. तुमच्या गावातील दवाखान्याचा पत्ता आणि फोन नंबर आजच विचारून घ्या. तो घरात भिंतीवर लिहून ठेवा. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, हेही विचारा. आग लागल्यावर विहीर खणायला जाऊ नये, असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही.

घरी आणल्यावर

डॉक्टरांनी मांजराला घरी नेण्यास सांगितले तरी दोन-तीन दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. काही विषांचा परिणाम लगेच दिसत नाही. मिनॉक्सिडिलची लक्षणे कित्येक तासांनी दिसू शकतात.

शांत बसलेले मांजर एका मिनिटात साधारण २० ते ३० वेळा श्वास घेते. घड्याळ समोर ठेवा आणि छातीची हालचाल मोजा. झोपेतही आकडा ४० च्या वर गेला तर डॉक्टरांना कळवा. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल, हिरड्या पांढऱ्या, निळ्या किंवा तपकिरी झाल्या असतील, चालताना तोल जात असेल, अंग थरथरत असेल, लघवी होत नसेल किंवा तोंड सुजले असेल, तर एक क्षणही थांबू नका. मांजराने दिवसभर काहीच खाल्ले नाही तरी विचारा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याचे यकृत बिघडू लागते.

आजारी मांजर ओरडत नाही. ते गुपचूप कोपऱ्यात, पलंगाखाली जाऊन बसते. म्हणून "शांत बसले आहे, म्हणजे बरे आहे" असे मानू नका.

दक्षता

इलाजापेक्षा दक्षता बरी. त्यासाठी फार खर्च येत नाही. बाटल्यांची झाकणे घट्ट लावा. प्रसाधने बंद कपाटात किंवा डब्यात ठेवा. टेबलावरची वस्तू मांजराच्या आवाक्याबाहेर नसते, हे तुम्हांला माहीतच आहे. केसांचा उरलेला रंग पाण्याने धुऊन टाका, वाटी तशीच ठेवू नका. क्रीम किंवा तेल लावल्यावर हात धुऊनच मांजराला कुरवाळा. मांजराला माणसाचा शाम्पू, अत्तर किंवा पावडर लावू नका. त्याला नटवण्याची गरज नाही. वापरलेला कापूस, दोरे आणि केसांचे रबर झाकणाच्या कचरापेटीत टाका. ईद, लग्न, वाढदिवस अशा दिवशी घरात या वस्तू इकडेतिकडे पडतात. त्या दिवशी ही जबाबदारी घरातील एकाने घ्यावी. ते काम तुम्ही घेऊ शकता.

आणि एवढे करूनही काही घडलेच, तर लपवू नका. बाटली तुमच्या हातून सांडली असेल, आपाचे क्रीम तुम्ही न विचारता घेतले असेल, किंवा धाकट्या भावासारखी गंमत केली असेल. बोलणी खाण्याची भीती वाटते, ते खरे. पण बोलणी पाच मिनिटे टिकतात. मांजराचा जीव गेला तर तो परत येत नाही. घरातील मोठ्या माणसांनाही एक विनंती करा. मुलाने खरे सांगितले तर त्या वेळी त्याला रागावू नका. नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

आपण आजारी पडलो तर "इथे दुखते, हे खाल्ले होते" असे सांगू शकतो. मांजर सांगू शकत नाही. त्याच्या वतीने तुम्हीच बोलायचे आहे. वेळेवर आणि खरे बोला.

शब्दार्थ

जिवावर बेतणे – जान पर बन आना
यकृत – जिगर
मूत्रपिंड – गुर्दा
फुप्फुस – फेफडा
हिरडी – मसूडा
घटक – जुज
निर्धास्त – बेफिक्र
समज – खयाल, गुमान
विष – जहर
उतारा – तोड (जहर का)
मुका – बेजबान
दक्षता – एहतियात, खबरदारी
मोल – कीमत
वतीने – की तरफ से

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मांजराच्या जिभेवरील काटे कोणत्या दिशेने वळलेले असतात?
(आ) विषारी पदार्थ बाहेर घालवण्याचे काम शरीरातील कोणता अवयव करतो?
(इ) शांत बसलेले मांजर एका मिनिटात किती वेळा श्वास घेते?
(ई) मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय कोठे आहे?

प्रश्न २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मांजराला मिठाचे पाणी का पाजू नये?
(आ) डॉक्टरांकडे जाताना पाकीट बरोबर का न्यावे?
(इ) धाकटा भाऊ खरे का सांगत नव्हता? तुम्ही त्याला काय सांगितले असते?

प्रश्न ३. चूक की बरोबर ते सांगा.
(अ) दुधाने प्रत्येक विषाचा परिणाम जातो.
(आ) मांजर शांत बसले म्हणजे ते बरे आहे.
(इ) अंगाला लागलेले क्रीम मांजराच्या पोटात जाऊ शकते.

प्रश्न ४. वाक्यांत उपयोग करा.
जिवावर बेतणे, गोंधळ उडणे, मान खाली घालणे, लक्ष ठेवणे.

प्रश्न ५. खालील वाक्ये नकारार्थी करा.
(अ) मांजराला दूध पाजा.
(आ) दोरा ओढा.
(इ) थोडा वेळ वाट पाहा.

प्रश्न ६. मनी दवाखान्यात पोहोचल्यावर पुढे काय झाले असेल? दहा ओळी लिहा.

उपक्रम : तुमच्या घरातील पाच सौंदर्यप्रसाधनांवरील घटकांची यादी वाचा. त्या वस्तू कोठे ठेवल्या आहेत ते पाहा. मांजराचा पंजा तेथे पोहोचत असेल, तर अम्मीला विचारून त्यांची जागा बदला.